एका घरात दोन कारभारी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो आणि पोटासाठी जुन्या शहरात एक छोटं डीटीपीचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, प्रबंधांची बांधणी, ऑनलाइन अर्ज भरून देणं हा धंदा. वरच्या मजल्यावर एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी चाळीसेक मुलंमुली तिथं बसतात. अशा माणसानं राउटर आणि वायफायवर बोलावं, हे ऐकून माझे कवी मित्र हसतील. पण हे ज्ञान मी हौसेनं मिळवलेलं नाही. एका रात्री ते माझ्या गळ्यात पडलं.

२०१९ सालचा डिसेंबर महिना. आपलं शहर तेव्हा कागदोपत्री औरंगाबाद होतं. एका नोकरभरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस, मुदत रात्री बारापर्यंत. दुकानात गर्दी होती. साडेआठच्या सुमारास नेट अडखळायला लागलं. एका कॉम्प्युटरवर चालतंय, शेजारच्यावर नाही. वायफायच्या कांड्या भरलेल्या दिसतात, पण पान उघडत नाही. मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुमची लाइन आमच्याकडून व्यवस्थित आहे." मी तिच्यावर चिडलो. मग सगळे करतात तेच केलं, राउटर बंद करून पुन्हा चालू केला. त्यानंतर जे दोन कॉम्प्युटर चालत होते, तेही बसले.

शेवटी पुण्यात नेटवर्किंगचं काम करणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामू, पहिले घाबरू नका. कॉम्प्युटरचा आयपी पत्ता वाचून दाखवा." मी वाचला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हा पत्ता आपल्या राउटरचा नाही. तुम्ही नवीन काही बसवलंय का?"

बसवलं होतं. आठवड्यापूर्वी. अभ्यासिकेत सिग्नल पोचत नाही म्हणून मी बाजारातून दुसरा वायफायचा डबा आणला, खालून एक वायर वर नेली, डब्याच्या एका भोकात खुपसली. दिवे लागले, मी खूश झालो. तो डबाच सगळ्याचं मूळ होता.

पत्ते वाटणारा माणूस

काय घडलं ते समजायला आधी हे डबे काय काम करतात ते पाहू. आपण सगळ्यालाच 'वायफाय' म्हणतो, पण यात तीन-चार वेगळी कामं आहेत. कंपनीची काचेची तार ज्या डब्यात येते तो प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलतो. राउटर म्हणजे नाक्यावरचा माणूस. घरातलं बाहेर आणि बाहेरचं घरात, कुठलं पाकीट कुणाचं हे तो ठरवतो. स्विच म्हणजे वायरींचा जोडफळा. आणि ॲक्सेस पॉइंट म्हणजे तारेतलं बोलणं हवेत सोडणारा आणि हवेतलं तारेत घेणारा डबा. घरगुती राउटरमध्ये ही कामं बहुधा एकाच पेटीत कोंबलेली असतात, म्हणून आपला घोळ होतो.

राउटरचं आणखी एक काम फार महत्त्वाचं. घरात येणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरला, मोबाइलला तो एक पत्ता देतो. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची जगातली एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि एकेका माणसाकडे दोन-तीन उपकरणं. म्हणून काही पत्ते 'घरगुती' म्हणून राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. माझ्या दुकानात आणि तुमच्या घरात हाच पत्ता असू शकतो, जसा प्रत्येक इमारतीत 'खोली क्रमांक तीन' असतो. बाहेरच्या जगाला फक्त इमारतीचा पत्ता ठाऊक. आतली खोली राउटर शोधतो. खोल्या वाटण्याच्या या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. पत्त्याबरोबर ती आणखी एक गोष्ट सांगते, बाहेर जायचं दार कोणतं.

आता माझा अपराध ऐका. मी आणलेला दुसरा डबाही राउटरच होता. त्यालाही पत्ते वाटायची सवय. नवीन उपकरण घरात आलं की ते मोठ्यानं विचारतं, "मला पत्ता कोण देतं?" आता दोघंही उत्तर द्यायला लागले. ज्याचं उत्तर आधी पोचलं तो खरा. खालच्या राउटरनं पत्ता दिला तर नेट चालायचं. वरच्यानं दिला तर तो बाहेरचं दार म्हणून स्वतःकडेच बोट दाखवायचा, आणि त्याच्याकडे बाहेर जायला वाटच नव्हती.

एका मुशायऱ्याला दोन सूत्रसंचालक नेमले आणि दोघांनीही आपापल्या यादीप्रमाणे नावं पुकारायला सुरुवात केली, तर जे होईल ते माझ्या दुकानात झालं. राउटर बंद-चालू केल्यावर तर कहरच. तो पुरता जागा होऊन पत्ते वाटायला बसेपर्यंत एक-दोन मिनिटं जातात. तेवढ्यात सगळ्या कॉम्प्युटरांनी पत्ता मागितला आणि वरच्या डब्यानं एकट्यानं सगळ्यांना वाटून टाकला.

यावरचा इलाज पाच मिनिटांचा आहे. दुसऱ्या डब्यात 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडायचा. नसेल तर त्याचं पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं. त्याला स्वतःला पहिल्या राउटरच्याच कुळातला, पण कुणालाही न दिलेला पत्ता द्यायचा. आणि खालून येणारी वायर त्याच्या लॅनच्या भोकात लावायची, वॅनच्या नाही. मग तो मुकाट्यानं फक्त हवेत बोलायचं काम करतो. एका घरात कारभारी एकच असावा, बाकीच्यांनी हाताखाली काम करावं. एवढंच त्याचं सूत्र.

पण हे मला त्या रात्री कुठं ठाऊक होतं! भाच्यानं सांगितलं म्हणून वरच्या डब्याची वायर उपसली, सगळे कॉम्प्युटर पुन्हा सुरू केले. घड्याळात बाराला दहा कमी होते. सहा मुलं उरली होती. पाच जणांचे अर्ज गेले. सहाव्याचं फी भरायचं पान गोल गोल फिरत राहिलं आणि बारा वाजले.

तो सिल्लोड तालुक्यातल्या एका खेड्यातून आला होता. परतीची एसटी केव्हाच गेली होती. रात्री दुकानातल्या बाकावरच झोपला. मी माफी मागितली तर म्हणाला, "जाऊ द्या काका, पुढच्या वर्षी बघू." तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुखणं शोधायची रीत

त्यानंतर मी भाच्याकडून हा विषय शिकून घेतला. शिकताना वारंवार आपल्या पाणचक्कीची आठवण आली. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली आणि पुढे काही वर्षांत या शहराला नहर-ए-अंबरी दिली. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून, केवळ उतारानं, कुठलाही पंप न लावता शहरात आलं. पुढे पाणचक्कीलाही डोंगरातल्या झऱ्यातून मातीच्या नळांनी पाणी आणलं. या नहरींच्या वाटेवर ठिकठिकाणी बांधीव मनोरे आहेत. नळात कोंडलेली हवा तिथून सुटायची, दाब सांभाळला जायचा. मला वाटतं, पाणी बंद पडलं की त्या काळचा कारागीर अख्खी नहर उकरत नसेल. एकेका मनोऱ्यापाशी जाऊन बघत असेल. इथपर्यंत पाणी आहे? मग दोष पुढे आहे.

नेटवर्कचं दुखणं शोधायची रीत अगदी हीच. पहिला प्रश्न, बंद कुणाचं आहे? एकाच मोबाइलचं असेल तर दोष त्या मोबाइलचा. वायफायवरच्या सगळ्यांचं बंद आणि वायरवरच्यांचं चालू असेल तर दोष ॲक्सेस पॉइंटचा. सगळ्यांचंच बंद असेल तर राउटर किंवा बाहेरची लाइन.

दुसरी पायरी दिव्यांची. काचेची तार येते त्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला किंवा लाल लुकलुकला तर प्रकाशच पोचत नाही. तार कुठंतरी तुटली, वाकली किंवा निसटली आहे. अशा वेळी सेटिंगशी खेळू नका, कंपनीला फोन करा. तो लाल नसेल तर आधी घरात बघा.

तिसरी पायरी पत्त्याची. मोबाइलच्या किंवा कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या माहितीत आपला आयपी पत्ता दिसतो. तो नेहमीच्या कुळातला असेल तर ठीक. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा, पत्ता द्यायला कुणीच भेटलं नाही, म्हणून बिचाऱ्या कॉम्प्युटरनं स्वतःच एक लावून घेतला. आणि भलत्याच कुळातला असेल तर घरात दुसरा कारभारी शिरला आहे.

चौथी पायरी हाका मारायची. कॉम्प्युटरवर 'पिंग' नावाची आज्ञा असते. आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं म्हणजे पहिल्या मनोऱ्यापर्यंत पाणी आहे. मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. तिथूनही उत्तर आलं, पण वेबसाइटचं नाव टाकल्यावर काही उघडत नाही, तर दोष डीएनएसचा. डीएनएस म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणारी टेलिफोन डिरेक्टरी. रस्ता ठीक आहे, फक्त डिरेक्टरी हरवली आहे. राउटरमध्ये दुसऱ्या डिरेक्टरीचा पत्ता टाकला की काम भागतं.

आणि पाचवी गोष्ट, पायरी नव्हे, पथ्य. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. माझ्या कवितेच्या वहीची शेवटची चार पानं आता राउटरला दिली आहेत. कुठल्या वायरीचं टोक कुठं, कोणत्या डब्याचा पत्ता काय, कधी काय बदललं, सगळं त्यात आहे. आणखी एक सांगतो. राउटरच्या पाठीला टाचणीएवढं भोक असतं. ते दाबून धरलं की आतली सगळी मांडणी पुसली जाते. बंद-चालू करणं वेगळं आणि हे वेगळं. कंपनीनं दिलेलं नाव आणि पासवर्ड लिहून ठेवलेला नसेल तर त्या भोकाच्या वाटेला जाऊ नका.

'बंद-चालू केलं की बरं होतं'

अनेक दुकानदार सांगतात, "आमचं नेट संध्याकाळी बसतं, बंद-चालू केलं की बरं होतं." हे औषध का लागू पडतं? पुष्कळदा कारण असं असतं की पत्ते संपलेले असतात. समजा राउटर १०० ते १४९ एवढेच, म्हणजे पन्नास पत्ते वाटतो आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास राखून ठेवतो. अभ्यासिकेतल्या चाळीस मुलांचे मोबाइल, काहींचे लॅपटॉप, दुकानात दिवसभर आलेली गिऱ्हाइकं. संध्याकाळपर्यंत पन्नास संपले. सकाळचं गिऱ्हाईक केव्हाच घरी गेलं, पण त्याची खोली अजून त्याच्याच नावावर. नव्या पाहुण्याला जागा नाही. बंद-चालू केलं की अनेक लहान राउटर आपली यादी विसरतात आणि पुन्हा वाटप सुरू होतं.

खरा इलाज म्हणजे पत्त्यांची रांग वाढवणं आणि मुदत कमी करणं. मी २० ते २४९ असे २३० पत्ते ठेवले आणि मुदत दोन तासांची केली. खालचे पत्ते प्रिंटर आणि ॲक्सेस पॉइंटसाठी कायमचे राखले, म्हणजे प्रिंटर रोज नवं घर बदलत नाही.

दगडी भिंती आणि लहरी

आता हवेतली गोष्ट. तुमच्यापर्यंत माझा आवाज आणणारी रेडिओची लहर आणि वायफायची लहर एकाच कुळातल्या आहेत. एफएमची लहर साधारण तीन मीटर लांबीची. वायफायची जुनी पट्टी २.४ गिगाहर्ट्झची, तिची लहर साडेबारा सेंटिमीटर. नवी पट्टी ५ गिगाहर्ट्झची, तिची लहर पाच-सहा सेंटिमीटर. ५ ची पट्टी वेगवान आणि कमी गर्दीची, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. २.४ ची जरा लांब जाते, पण तिच्यावर जत्रा असते. ब्लूटूथ तिथंच, मायक्रोवेव्हची भट्टीही तिथंच. भारतात २.४ ची पट्टी २००५ साली परवान्यातून मोकळी झाली. खुल्या मैदानात गर्दी होणारच.

त्यात आपली जुनी घरं. दीड-दोन फुटांच्या काळ्या दगडाच्या, चुन्याच्या भिंती. उन्हाळ्यात थंडावा देतात, पण लहरींना अडवतात. लोखंडी कपाट, पत्र्याचा कूलर, शटर हे सगळे अडथळेच. पाणीही लहरी शोषतं, आणि काही दिवसांआड नळ येणाऱ्या आपल्या शहरात पाण्याच्या टाक्या घरोघरी. राउटर टाकीच्या आड किंवा टेबलाखाली ठेवून सिग्नलला दोष देऊ नका. तो उंचावर, मोकळ्या जागी, माणसं बसतात त्यांच्या मध्यावर हवा.

भिंत मोठी असेल तर जादा ताकदीचा राउटर आणून उपयोग नाही. राउटर ओरडेल, पण तुमच्या मोबाइलचा क्षीण आवाज त्याला ऐकू यायला हवा ना! भिंतीपलीकडे वायर नेऊन तिथं ॲक्सेस पॉइंट बसवणं हाच सरळ मार्ग. तांब्याची नेटवर्क वायर शंभर मीटरपर्यंत चालते. सिग्नल पकडून पुन्हा फेकणारे 'रिपीटर' स्वस्त असतात, पण साधा रिपीटर एकाच तोंडानं ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. दोन्ही डब्यांना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, तर जिना चढताना मोबाइल स्वतःच जवळचा डबा धरतो.

मात्र दोघांचे चॅनेल वेगळे हवेत. २.४ च्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजारी १ वर असेल तर तुम्ही ६ किंवा ११ घ्या. ३ किंवा ४ घेऊन 'मधली जागा साधली' असं समजू नका. तुम्ही दोघांच्याही बोलण्यात तोंड घालता. या पट्टीत चॅनेलची रुंदीही २० मेगाहर्ट्झच ठेवावी. रुंद केली की वेग वाढतो असं वाटतं, पण गर्दीच्या गल्लीत हातगाडी आडवी लावल्यासारखं होतं.

दाराचं कुलूप

शेवटी सुरक्षिततेचं. राउटरला दोन कुलपं असतात. एक वायफायचा पासवर्ड आणि दुसरा राउटरच्या आत शिरण्याचा. पहिला सगळे बदलतात. दुसरा कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरातले लाखो राउटर आणि कॅमेरे याच भोंगळपणामुळे ताब्यात घेतले. त्यानं कुठलं मोठं कुलूप तोडलं नाही, कारखान्याचे ठरीव पासवर्ड एकामागोमाग एक लावून पाहिले. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला या फौजेनं डाइन नावाच्या कंपनीच्या डीएनएस व्यवस्थेवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास गायब झाल्या. त्या फौजेतल्या डब्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

म्हणून आतला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ची सुरक्षा ठेवा. डब्ल्यूपीएस नावाची बटणाची सोय आणि बाहेरून राउटर चालवायची सोय बंद करा. वर्षातून दोन-तीनदा राउटरचं सॉफ्टवेअर ताजं करा. आणि गिऱ्हाइकांना, विद्यार्थ्यांना पाहुण्यांचं वेगळं वायफाय द्या. पाहुण्याला दिवाणखान्यात बसवावं, तिजोरीच्या खोलीत नाही. माझ्या हिशेबाचा कॉम्प्युटर आता अभ्यासिकेतल्या कुठल्याच मोबाइलला दिसत नाही. राउटरसाठी एक छोटा यूपीएसही घेतला आहे. वीज गेली तरी निदान हाती घेतलेला अर्ज पुरा होतो.

हे सगळं करायला मला फारसा खर्च आला नाही. ज्ञान मात्र उशिरा आलं. आपल्याकडे आता रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळं ऑनलाइन आहे. खेड्यातल्या मुलाचं एक वर्ष कुणाच्या तरी दुकानातल्या दोनशे ग्रॅमच्या डब्यावर टांगलेलं असतं. डबा कुणाचा, वायर कुणाची हे त्या मुलाला दिसत नाही. त्याला फक्त फिरणारं गोल चाक दिसतं.

तो सिल्लोडचा मुलगा पुढच्या भरतीला पुन्हा माझ्याकडेच आला. दुसरं दुकान शोधलं नाही, हा त्याचा मोठेपणा. या वेळी शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी आला होता. पायरी चढताच हसून म्हणाला, "काका, नेट आहे ना?"

मी त्याला आधी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग पिंग करून पाहिलं आणि म्हणालो, "आहे. बस."